लाकू कुणीकडे?

१

सकाळी कॉफीचा पहिला घोट घेतला की नान्ना, म्हणजे माझे वडील, विचारायचे, "लाकू कुणीकडे?"

मी म्हणायचे, "खाली."

मग ते दुसरा घोट घ्यायचे. माझं उत्तर येईपर्यंत पेला तसाच हातात धरून बसायचे आणि कॉफी निवली म्हणून पुन्हा मलाच बोल लावायचे. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे तोच प्रश्न रोज ऐकून रोज तेच उत्तर द्यायची मला सवय होती. शाळेतून निवृत्त झाले तरी घरातला हा एक विद्यार्थी उरलाच होता.

आमच्या पेद्दलंकाजवळ गोदावरीच्या कालव्याची जमीन एकदम पुरुषभर खाली उतरते. पाण्याला तशी उडी मारता येते, नावेला येत नाही. म्हणून गोऱ्या साहेबांच्या काळात इथे घडीव दगडाचा एक लांबट हौद बांधला. त्याच्या वरच्या तोंडाला सागवानी दारांची एक जोडी, खालच्या तोंडाला दुसरी. हाच लाकू. खालून नाव हौदात आली की तिच्या मागची दारं लावायची आणि वरच्या दारातली झडप उचलायची. वरचं पाणी हौदात येतं, नाव पाण्याबरोबर चढते, आणि पाणी सारखं झालं की वरची दारं सैल होतात. उतरायचं असेल तर हेच उलटं. पंप नाही, मोटर नाही. बंद झालेली दारं सपाट नसतात, वरच्या पाण्याकडे नाक काढून उभी राहतात, त्यामुळे पाणी जितकं रेटेल तितकी ती घट्ट बसतात. मुलांना कोन शिकवायला मी इथेच आणायचे. कोन कुणाच्या लक्षात राहिला माहीत नाही, हौदात उड्या मारायला मात्र सगळे शिकले.

रिकामा लाकू नेहमी कुठल्या तरी एका बाजूला लावलेला असतो. हौदातलं पाणी खालच्या पातळीला आणि खालची दारं उघडी असली की तो 'खाली' लावलेला. मग खालून येणारी नाव न थांबता थेट आत येते. जिकडून नाव यायची असेल तिकडे लाकू लावून ठेवायचा, ही लाकूवाल्याची माणुसकी. नान्ना चाळीस वर्षं इथले लाकूवाले होते. रस्ते झाले, लॉऱ्या आल्या, नावा बंद पडल्या, नान्नांना पेन्शन लागली. काठावरचं हे दोन खोल्यांचं घर दुसऱ्या कुणाला नकोच होतं, म्हणून खात्याने ते आमच्याकडेच राहू दिलं.

आणि आमचा लाकू पन्नास वर्षं खालीच लावलेला होता. अम्मा खालून यायची होती.

२

अम्मा दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. तिचं माहेर खाली समुद्राच्या अंगाला, कारुपालेमला. नावाडी अप्पन्नाच्या नावेतून गेली. नान्नांनी खालची झडप उचलली, हौदातलं पाणी सुटलं आणि नाव बसल्या जागी खाली जायला लागली. मी काठावर पालथी पडून पाहत होते. शेवटी शेवटी तिचा भांग तेवढा दिसत होता, तेलाने चपचपीत, आणि अंबाड्यात पिवळी शेवंती. तिने वर पाहिलं नाही. हौदात असताना वर पाहिलं की पोटुशीला घेरी येते, असं अप्पन्ना सांगायचा. मी "अम्मा, अम्मा" करत राहिले, तिने वर न बघताच हात हलवला.

मला चढणारी नाव जास्त आवडायची. काठापासून जरा मागे बसायचं आणि वाट बघायची. दगडाच्या कडेतून आधी डोकी वर यायची, मग चेहरे, मग मांडीवरच्या टोपल्या. केळीचे घड, ताडगोळे, कोंबड्या, एकदा तर बाशिंगं बांधलेले नवरानवरी. इतका वेळ अंधारात बसल्यामुळे सगळे डोळे मिचकावायचे आणि वर आल्याबद्दल उगाचच हसायचे. तसं हसणारी माणसं मी नंतर कुठल्याही बसस्टँडवर पाहिली नाहीत.

नाव लांब असतानाच नावाडी शंख फुंकायचा. नान्ना दार ढकलायच्या लांब तुळईपाशी उभे राहून विचारायचे, "कुठल्या गावची नाव?" गाव सांगितल्याशिवाय झडप उचलली जायची नाही. आणि एकदा नाव हौदात आली की ती पार होईपर्यंत नान्ना अन्नाला शिवत नसत. दोन दारांच्या मध्ये माणूस ताटकळत असताना आपण घास गिळायचा नाही, हा त्यांचा नेम. अम्मा चिडायची. "भात निवला, आमटी निवली, आता मीही निवते," म्हणायची. ते हसायचे आणि नाव पार करूनच यायचे.

मुलगा झाल्याचा निरोप अप्पन्नाच घेऊन आला. महिना झाला की बाळाला घेऊन येते, असं अम्माने सांगितलं होतं. कार्तिकात तुफान आलं. एका रात्रीत समुद्र कारुपालेमवरून निघून गेला. नान्ना पाणी ओसरल्यावर शोधायला गेले आणि आठवड्याने परत आले. घर नव्हतं, नाव नव्हती, माणसं नव्हती. आमच्याकडे रडायला जमलेल्या बायकांना ते म्हणाले, "सापडली नाही म्हणजे निघाली असेल."

मग त्यांनी हौद खाली उतरवला, खालची दारं उघडली आणि हात धुऊन मला जेवायला वाढलं.

३

मागच्या वर्षी नान्नांचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्यांची खाट पडवीत होती, तोंड लाकूकडे. झडप उचलायचं लोखंडी हँडल खाटेच्या खुराला टांगलेलं असायचं. त्या हँडलशिवाय झडप हलत नाही. ते त्यांनी मला शिकवलं होतं, पण दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. खात्याचा लस्कर सिंहाद्री, म्हणजे कालव्यावर राखणीला असलेला माणूस, रोज आमच्याकडे कॉफीला यायचा. दाराच्या तुळया ढकलायला, बिजागरीला ग्रीस लावायला तो मदत करायचा. हँडलकडे मात्र त्याने पाहिलं तरी नान्ना म्हणायचे, "ते तुझ्या बापालाही दिलं नव्हतं."

चैत्रात साहिती नावाची एक तरुण इंजिनीअर टेप घेऊन आली. दोन दिवस तिने दगड न् दगड मोजला. दारं ज्या खोबणीत दुमडून बसतात तिथे बोटं फिरवली, दोर घासून घासून काठाच्या दगडाला पडलेल्या खाचांचे फोटो काढले.

"टीचरगारू, इतकं जपलेलं काम मी कुठेच पाहिलं नाही," ती म्हणाली.

"मग मोडता कशाला?"

"मी नाही हो मोडत. कालव्याच्या समितीचा नियम आहे. वापरात असेल तर जपायचं, नसेल तर तो कालव्याला अडथळा. उन्हाळ्यात पाणी बंद केलं की ही दारं काढणार, भिंत घालणार. इथून शेवटची नाव कधी गेली?"

"माझ्या बापाच्या लग्नाचं वऱ्हाड गेलं असेल," सिंहाद्री म्हणाला. "त्या दिवशी लाकू बंद असता तर बरं झालं असतं, असं तो अजून म्हणतो."

साहिती हसली. मीही हसले. पडवीत नान्ना डोळे मिटून पडले होते, म्हणजे सगळं ऐकत होते.

संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. "अम्मडू, दारं काढली तर ती वर कशी येणार?"

डाळ शिजली का बघते म्हणून मी आत गेले आणि शिजलेली डाळ उगाच ढवळत उभी राहिले.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत बाहेर आले तर खालची दारं बंद होती.

मी उभी राहून पाहत राहिले. त्या दारांची एकेक फळी मोटारीएवढी जड. एका माणसाने एक फळी ढकलायची तर तुळईला पाठ लावून, पाय रोवून, घाम गाळावा लागतो. आणि दुसरी फळी पलीकडच्या काठावर. म्हणजे दोन माणसं हवीत.

मी मनात मांडणी केली. वरच्या दारांतून थोडं पाणी गळतंच. ती धार हौदातून खाली वाहते. उघडी फळी खोबणीतून जराशी सुटली असेल तर धार तिला ओढून मिटवू शकते. एक फळी तशी मिटली असेल. दोन्ही एकदम, नाकाला नाक लावून? तेही अशक्य नाही. गणितात अशक्य फार कमी गोष्टी असतात.

नान्नांनी पहिला घोट घेतला. "लाकू कुणीकडे?"

"खाली," मी म्हणाले.

त्यांनी दुसरा घोट घेतला नाही. "बघून सांग."

पन्नास वर्षांत त्यांनी मला असं कधी म्हटलं नव्हतं. मी लाकूच्या दारापर्यंत गेले, परत आले आणि पुन्हा "खाली" म्हणाले. त्यांनी पेला खाली ठेवला.

"पोरांचे उद्योग," सिंहाद्री म्हणाला. आम्ही दोघांनी दारं उघडली आणि माझ्या सांगण्यावरून दोन्ही फळ्या काथ्याच्या दोराने काठाच्या कड्यांना बांधल्या. गाठी मी स्वतः मारल्या.

पुढच्या सकाळी दारं पुन्हा बंद होती. दोर तुटला नव्हता. सोडलेला होता आणि पायरीवर गुंडाळून ठेवला होता, गोल वेटोळं, शेवटचं टोक मध्ये खोचलेलं. मी त्याच्याजवळ उकिडवी बसले. आमच्या गावात आता दोर असा कुणी गुंडाळत नाही. तो नावाड्यांचा हात होता. लहानपणी अप्पन्ना मला तसं करायला शिकवायचा आणि माझं टोक बाहेर निसटलं की टपली मारायचा.

सिंहाद्री कॉफी न घेताच गेला, आणि तो कॉफी न घेता जातो तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

५

त्या दुपारी मी शंख ऐकला.

जंगम शंख फुंकतात, कुणाच्या घरी माणूस गेलं की. कुणीतरी गेलं असेल, मी स्वतःला सांगितलं. पण गावातून आवाज यायचा तर माझ्या उजव्या हाताला. हा डावीकडून आला, कालव्याच्या खालच्या बाजूने, आणि दमादमाने. नावाडी वल्हं टाकून मध्ये श्वास घेतो ना, तसा.

नान्नांना एका कानाने ऐकू येत नाही, दुसऱ्याने जेमतेम. तरी त्यांनी मान वळवली.

नंतर हौदातून आवाज यायला लागले. भर दुपारी, सगळीकडे ऊन, नारळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. लाकडाच्या बाजूवर पाणी थापटल्याचा आवाज. वल्ह्याची काठी दगडाला टेकवून नाव सरळ करतात, तो ठक्क आवाज. बांगडीचा एक. मी काठावर जाऊन वाकून पाहिलं. हौद रिकामा. खाली हिरवट पाणी, त्यावर एक नारळाची करवंटी. आवाज मी वाकले तेव्हा थांबला नाही, एवढंच सांगते.

परत आले तर नान्नांचं ताट तसंच होतं. भात, डाळ, आंब्याचं लोणचं, काही चिवडलेलंसुद्धा नाही.

"जेवा की."

"नाव हौदात आहे. कसा जेवू?"

"नान्ना, हौद रिकामा आहे. मी आत्ता पाहून आले."

"मागची दारं लागली आहेत. कालपासून थांबली आहे. तू झडप का उचलत नाहीस?"

मला रागच आला. म्हणजे भीती वाटली, आणि मला भीती वाटली की मी रागावते. मी खाटेच्या खुराला टांगलेलं हँडल काढलं, स्वयंपाकघरात नेलं आणि तांदळाच्या डब्यात तळापर्यंत खुपसलं. डबा बंद करून त्यावर पाटा ठेवला. नान्ना पडवीतून सगळं ऐकत होते. ते रागावले नाहीत, तेच मला सोसवेना.

"कोण आहे हौदात, तुला ठाऊक आहे," ते म्हणाले. "बाळ असेल मांडीवर. उन्हात बसली असेल."

रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी कॉफी नाही, पेज नाही, ओठाला लावलेलं पाणीही बाजूने ओघळू दिलं. चौऱ्याऐंशी वर्षांचं शरीर, त्यात काय उरलेलं असणार? गावातल्या डॉक्टरने सलाइन लावायला पाहिलं तर त्याचा हात धरून म्हणाले, "आधी तिचं होऊ दे." डॉक्टर माझ्याकडे पाहायला लागला.

तिसऱ्या सकाळी त्यांनी लाकू कुणीकडे हेही विचारलं नाही. तेव्हा मी घाबरले. आईविना वाढलेल्या मुलीला बाप म्हणजे काय असतं ते मी कुणाला समजावून सांगणार नाही. मला दुसरं कुणी नव्हतं आणि हवंही नव्हतं.

मी हिशेब केला. झडप उचलली, पाणी चढवलं, हौद रिकामा दाखवला, वरची दारं उघडली, की नाव पार झाली. मग ते जेवतील. हिशेबात काही चूक नव्हती. मी तांदळात हात घातला.

६

सिंहाद्रीने नान्नांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून बाहेर आणलं. काठापासून दोन पावलं मागे खुर्ची ठेवली, मी तसंच सांगितलं होतं. मग तो खालच्या दारांवरच्या चालायच्या अरुंद फळीवरून पलीकडे गेला आणि वरच्या दाराच्या त्याच्या बाजूच्या तुळईला पाठ लावून उभा राहिला. त्याचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. त्याच्या नावाच्या देवाला बोलावत असणार.

मी हँडल बसवलं. तेवढ्यात नान्ना म्हणाले, "विचार आधी."

मला लाज वाटत होती. रिकाम्या हौदात तोंड घालून साठीला टेकलेल्या बाईने काय ओरडायचं? तरी ओरडले, "कुठल्या गावची नाव?"

उत्तर आलं नाही. पाणी थापटल्याचा आवाज मात्र थांबला, जणू खाली सगळे कान देऊन होते.

"कारुपालेमची," नान्ना खुर्चीतून म्हणाले. "मला ठाऊक आहे. चढव."

मी हँडल फिरवलं. झडप करकरत उचलली, वरचं पाणी हौदात घुसलं, फेस झाला, तो ओळखीचा थंड वास आला, शेवाळाचा आणि जुन्या लाकडाचा. किती वर्षांनी हा वास आला. सात वर्षांची होऊन काठावर पालथं पडावंसं वाटलं. पाणी चढत होतं. भिंतीवरचं एक कडं उचललं गेलं आणि ताणलेलं राहिलं, दगडापासून सुटून, खालच्या दिशेला. त्यात दोर नव्हता.

मग मी हौदात पाहिलं.

भांग दिसला. तेलाने चपचपीत, मधोमध, सिंदूर भरलेला. अंबाडा. त्याखाली खांद्यावर घेतलेला पदर आणि मांडीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी, ते हातांनी उन्हापासून झाकलेलं. ती वर पाहत नव्हती. पाण्याबरोबर ती माझ्याकडे येत होती, सावकाश, बसल्या जागी.

मी हँडल सोडून दिलं. झडप धाडकन पडली. पाणी अर्ध्यावर थांबलं आणि फेस विरला.

"का थांबलीस?" नान्नांनी विचारलं.

मी त्यांच्यासमोर जाऊन खाली बसले, त्यांच्या गुडघ्यांना धरलं. हौदाकडे पाठ होती आणि मानेवर तिथला गारवा लागत होता.

"नान्ना, ती वर आली की तुम्ही जाल."

ते बराच वेळ माझ्या केसांवरून हात फिरवत राहिले. असा हात त्यांनी माझ्या लहानपणानंतर फिरवला नव्हता. "जाईन," ते म्हणाले. "पण ते नंतर. आधी ती अर्ध्यात बसली आहे, बाळ घेऊन. असं कुणाला ठेवतात का, अम्मडू? तू लाकूवाल्याची मुलगी ना?"

मी उठले. रडत होते, ते सांगायला मला लाज नाही. हँडल पुन्हा फिरवलं, पण या वेळी हौदाकडे पाहिलं नाही. नान्नांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. पाणी किती चढलं ते मला त्यांच्या डोळ्यांत कळत होतं. आधी ते खाली पाहत होते, मग नजर हळूहळू वर आली, आणि समोर सरळ झाली. ते हसले. वर आलेली माणसं उगाच हसायची ना, तसे.

पाणी सारखं झालं. दार उघडायला तुळईला पाठ लावून मागे रेटावं लागतं, तेव्हा तोंड शेताकडे असतं. मी रेटत गेले. मागे पाण्यात काहीतरी जड सरकलं, वल्ह्याची काठी दगडाला टेकली, कुणीतरी अगदी हळू खाकरलं. बायकोने घरात पाऊल ठेवताना नवऱ्याला कळावं म्हणून खाकरावं, इतपत. मी शेताकडेच पाहत राहिले. भाताची मळणी झाली होती आणि बगळे उतरले होते.

दार खोबणीत बसल्यावर मी वळले. हौद काठोकाठ, पाणी आरशासारखं, त्यावर काही नाही. कडं भिंतीला टेकलेलं.

नान्ना खुर्चीत होते. मान जरा कललेली, डोळे उघडे. उजवा हात पुढे केलेला, तळवा वर, बोटं वळलेली, नावेतून काठावर पाऊल टाकणाऱ्या बाईला आधार द्यायला करतात तसा. हौद दोन पावलं लांब होता. हात मनगटापर्यंत ओला होता आणि अजून ठिबकत होता.

सिंहाद्री पलीकडून आला. त्याने नान्नांचे डोळे मिटले. मग म्हणाला, "टीचरगारू, माझ्या बाजूचं दार मला ढकलावं लागलं नाही."

७

दिवसकार्य झाल्यावर साहिती भेटायला आली. आणलेलं शहाळं तिने माझ्यासमोर ठेवलं. मग संकोचून म्हणाली, "टीचरगारू, दारांचं ठरवायचं आहे. समितीला मला एकदा शेवटचं सांगावं लागेल, लाकू वापरात आहे की नाही."

"आहे," मी म्हणाले.

तिने सिंहाद्रीकडे पाहिलं. एरवी त्याला अशा वेळी काहीतरी थट्टा सुचते. तो म्हणाला, "आहे की. आत्ता याच महिन्यात नाव गेली." आणि चपला पायात सरकवून तिला काठावर घेऊन गेला. तिथे दगडातली खाच दाखवली. खाच भर उन्हात ओली होती. साहितीने बोट लावून पाहिलं, बोटाकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. या उन्हाळ्यात पाणी बंद झालं, कालवा कोरडा पडला, पोरांनी मासे पकडले आणि पुन्हा पाणी आलं. दारं जागच्या जागी आहेत.

त्या दिवसापासून मी खालच्या बाजूला लाकू लावला नाही. हौद भरलेला, वरची दारं उघडी. वर कालव्याला दुसरी वाट नाही, पुढे धरणाची भिंत आहे. वर गेलेली नाव कधीतरी याच वाटेने खाली येणार. येताना तिघं असतील. तिघांनी हौदाबाहेर ताटकळू नये.

सकाळी मी कॉफी करते आणि स्वतःलाच विचारते, लाकू कुणीकडे? मग बाहेर बघून सांगते, वर. दुसरा घोट त्यानंतरच.

एकच गोष्ट बरेच दिवस सुटत नव्हती. नाव उतरवायची तर झडप उचलायला कुणीतरी काठावर लागतं. नावेत बसल्यावर मला ते करता येणार नाही. नान्नांचंही पन्नास वर्षं तिथेच अडलं असणार.

म्हणून गेल्या आठवड्यापासून मी सिंहाद्रीला हँडल शिकवायला घेतलं आहे. पहिल्या दिवशी तो हात मागे घेत होता. "आजोबा रागावतील," म्हणाला. मी म्हणाले, नाही रागावणार. आता बरं जमतं त्याला. फक्त पाणी अर्ध्यावर आलं की तो थांबतो आणि माझ्याकडे पाहतो, ती खोड तेवढी मोडायची आहे.